दुसऱ्या यत्तेतला अर्थ

त्या राज्यात पाणी गडावर होतं आणि तहान गडाखाली. गडावर लांडगे राहत, खाली माळावर मेंढरं. लांडगे कायद्याचे पक्के. अर्जाशिवाय दरवाजा उघडायचा नाही आणि अर्जाशिवाय कुणाला दातही लावायचा नाही, हा त्यांचा नियम. अर्ज मात्र गडाच्या भाषेतच करावा लागे. मेंढरांना ती येत नव्हती. म्हणून ती तहानलेली होती, आणि जिवंत होती.

एका वर्षी माळावरचं शेवटचं डबकं आटलं. कळपात गेनबा नावाचा एक एडका होता. त्याची मेंढी मागेच मेली होती. तिचं एक कोकरू होतं, ठिपकी. पांढरीशुभ्र, पाठीवर तेवढा कुंकवाएवढा तांबडा ठिपका. ठिपकीची जीभ टाळूला चिकटली होती. दोन दिवस ती ओरडलीही नव्हती. गेनबा म्हणाला, "मी भाषा शिकतो."

शिकवायला पोपट होता. गडाच्या दरवाजाबाहेर त्याचा पिंजरा टांगलेला असे. तो रोज दहा शब्द सांगे आणि दहा अर्थ. गेनबा ते घोकत माळ तुडवी. पहिल्याच दिवशी त्याला कळलं की पाण्याला 'वॉटर' म्हणतात. तो तसाच दरवाजाकडे धावला.

पोपट पिंजऱ्यात हसून लोळला. "अहो, वॉटर काय म्हणता? ते गडावरचं दूधपितं पिल्लूही म्हणतं. अर्जाला वजनदार शब्द लागतो. शब्द जड, तर दरवाजा हलका."

गेनबा मागे फिरला. त्या दिवसापासून त्याला लहान शब्दांची लाज वाटू लागली. त्याची चाल बदलली. कुणी "बें" केलं की तो मान वळवून घेई. ठिपकी कोरड्या तोंडाने त्याला ढुशी द्यायची. तो म्हणायचा, "थांब जरा. अजून चाळीस राहिलेत."

कळपातली तीन कोकरं तोवर मेली. गेनबाचा एकही शब्द चुकला नाही.

मग एक दिवस पोपटाने त्याला 'डिस्पोज' दिला.

"म्हणजे?"

"निकाल लावणे. प्रकरण मिटवणे. पहिल्या यत्तेला एवढंच. पुढचे अर्थ दुसऱ्या यत्तेत."

गेनबाने शब्द तोंडात घोळवला. तो जड होता, गुळगुळीत होता आणि अर्जाला शोभणारा होता. त्याने कळपाला गोळा करून तो म्हणून दाखवला आणि अर्थही सांगितला.

धुरपा ही कळपातली सगळ्यांत म्हातारी मेंढी. तिला दिसत कमी होतं. ती म्हणाली, "निकाल लावणं? अरे गेनबा, गेल्या साली कसायाने माझ्या भावाचा लावला, त्यालाही आपण निकालच म्हणालो की. सरळ पाणी म्हणायला तुला काय धाड भरलीय?"

"आजी, ही आपली अडाणी बोली नव्हे. मोठ्या भाषेत एका शब्दाला एकच अर्थ असतो."

"मग ती मोठी झाली कशी रे?"

कळप हसला. म्हातारीला हसला.

भर दुपारी गेनबा दरवाजासमोर उभा राहिला. त्याच्या पायाशी ठिपकी, मागे सगळा कळप. वर द्वारपाल लांडगा पेंगत होता. गेनबाने मान ताठ केली आणि अर्ज म्हटला: "आमच्या कळपाला कृपया ताबडतोब डिस्पोज करावं."

लांडग्याचे कान उभे राहिले. "पुन्हा म्हणा."

गेनबाने पुन्हा म्हटलं, आणखी स्पष्ट.

"हे कुणी पढवून तर पाठवलं नाही ना?"

"स्वतः शिकलोय."

"सगळ्या कळपाला?"

"सगळ्या. एकही मागे राहता कामा नये. कोकरांना आधी."

लांडगा कायद्याचा होता, त्याला विचारणं भाग होतं. "राजीखुशीने?"

"मोठ्या आनंदाने."

"उच्चार फार शुद्ध आहे हो तुमचा, गेनबाराव."

गेनबाला आजवर कुणी राव म्हटलं नव्हतं. द्वारपालाने अर्ज लिहून वरून खाली सोडला आणि गेनबाने त्यावर ठसठशीत खूर उमटवला.

दरवाजा उघडला. आत तळं होतं, काठोकाठ. कोकरं पुढे धावली. ठिपकीने पाण्यात तोंड घातलं आणि कितीतरी दिवसांनी ती ओरडली. गेनबाने ते ऐकलं. धुरपाआजी सगळ्यांच्या शेवटी, ठेचकाळत आत गेली. गेनबाही निघाला, तेव्हा द्वारपालाने त्याला अदबीने अडवलं. अर्जदार स्वतः अर्जात धरला जात नाही, असा नियम होता.

दरवाजा बंद झाला.

पिंजऱ्यात पोपटाने घसा साफ केला आणि दुसऱ्या यत्तेचा पाठ सुरू केला. "डिस्पोज. अर्थ दुसरा." दरवाजापलीकडच्या आवाजात त्याचं पुढचं ऐकू आलं नाही.

आवाज थांबायला फार वेळ लागला नाही.

मग लांडगे बाहेर आले, तोंडं स्वच्छ पुसून, ओळीने. गडाची भाषा इतकी शुद्ध बोलणारा खालचा कुणी त्यांनी पाहिला नव्हता. रीतीप्रमाणे त्याचा सत्कार व्हायला हवा होता. गेनबाला दगडावर बसवलं. द्वारपालाने पुढे होऊन त्याच्या खांद्यांवर शाल पांघरली.

शाल लहान होती, एका एडक्याला पुरी न पडणारी. पांढरीशुभ्र होती. अजून ऊबदार होती. तिच्यावर कुंकवाएवढा तांबडा ठिपका होता.

लांडग्यांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं.

गेनबाला सत्तर शब्द पाठ होते. त्याने तोंड उघडलं.

"बें," तो म्हणाला.

लांडगे एकमेकांकडे बघू लागले. द्वारपाल पुढे वाकला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "गेनबाराव, हा शब्द आमच्या भाषेत नाही."