दबायचं कुणी?

डोंगरवाटांवर अजून डांबर पडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. यमाजी आपल्या जीपमधून अवघडलेल्या बायांना दवाखान्यात नेई. त्यांना हादरे बसू नयेत म्हणून त्याने घरच्या अंगणातच जॅक लावला, झिजलेल्या स्प्रिंगा काढल्या आणि नव्या, दणकट बसवल्या.

"आम्ही कुणापुढे दबत नाही!" नव्या स्प्रिंगा तोऱ्यात म्हणाल्या.

पहिल्याच धोंड्यावर जीप उडाली. मागे बसलेली रखमा कळवळली, "यमाजीदादा, हळू!"

जीप स्प्रिंगांना म्हणाली, "अगं बायांनो, धोंडा काही दबत नाही. रखमाच्या पोटातल्या बाळाला दबून चालणार नाही. मग दबायचं कुणी?"

स्प्रिंगा वरमल्या. पुढच्या खड्ड्यात त्या अलगद दबल्या, अलगद वर आल्या. रखमाला चक्क डुलकी लागली.

परतताना जीपमध्ये एक इवलंसं माणूस जास्त होतं. स्प्रिंगांनी त्याला घरापर्यंत झोके दिले.