न दिलेली थाप

"एवढंच सांगा उस्ताद, तो तबला या दुकानाबाहेर कधी गेला होता का?"

भरत आरवाडे हे तिसऱ्यांदा विचारत होता. दस्तगीर उस्ताद खाली मान घालून शाई घोटत होते. शाई म्हणजे तबल्यावरचा तो काळा गोल. लोखंडाची पूड आणि खळ यांचे थरावर थर द्यायचे आणि दगडाने घोटत राहायचं.

मी शेजारीच तबल्याची चामड्याची वादी ओढत बसलो होतो. तीस वर्षं मिरजेच्या या दुकानात आहे मी, आणि खरं सांगतो, त्या दिवशी मला भरतचा रागच आला होता. हा आमच्याकडेच चार वर्षं शिकला, मग पुण्याला जाऊन मोठा संशोधक झाला. दमट हवेत न सुटणारी शाई त्याने शोधली म्हणे. तिच्या पेटंटचा अर्ज केला. आता बोलायला लागला की दर वाक्यात 'मी'.

"सहा वर्षं घातली मी, उस्ताद. चारशे नमुने फुकट गेले. चिंचोक्याचा अर्क शाईत घालायचं माझ्याआधी कुणाला सुचलं नव्हतं..."

"हारूनला सुचलं होतं," उस्ताद म्हणाले.

हारून त्यांचा मुलगा. एकुलता एक. अकरा वर्षांपूर्वी काविळीने गेला. जायच्या आधी त्याने चिंचोक्याची खळ घालून एक तबला केला होता, तो अजून माळ्यावर आहे. भरतच्या अर्जानंतर दिल्लीच्या एका कंपनीचा माणूस आला, त्याने चहा पाजला आणि मीच मूर्खासारखा हे सगळं त्याच्यापुढे बरळलो. त्यावरून कंपनीने भरतच्या अर्जाला हरकत घेतली. हा शोध नवा नाही, आधीच लागलेला आहे, म्हणाले. सुनावणी सोमवारी होती.

भरतने चोरी केली नव्हती, तेवढं मी शपथेवर सांगेन. हारूनने खळ शिजवली तेव्हा तो पुण्यात होता.

"नुसतं सुचून भागत नाही," भरत म्हणाला. "कायद्याला अर्जाआधी चारचौघांत आलेलं लागतं. कुणी विकत घेतलेलं, मैफलीत वाजलेलं, कुठं छापून आलेलं. घरातल्या घरात राहिलं असेल तर हरकत टिकत नाही. हक्क माझाच राहतो."

"तबला काढ रे," उस्ताद मला म्हणाले.

मी माळ्यावरून काढला, फडकं सोडलं. अकरा पावसाळे झाले होते, पण शाईचा एक कण सुटला नव्हता. भरतने तिच्यावरून बोट फिरवलं, नखाने कड तपासली. त्याचा चेहरा उतरला.

"हीच आहे," तो हळूच म्हणाला. "कुणी वाजवला हा?"

"कुणी नाही."

"हारूनदादाने तरी?"

"आपली चाल विसरलास? नव्या तबल्यावर पहिली थाप घरातल्या थोरल्याची. ती पडल्याशिवाय दुसऱ्याने हात लावायचा नाही, बाहेर न्यायचा नाही."

"मग तुम्ही..."

"मी म्हटलं, आपल्यात भाताची खळ. चिंचोक्याची लावतात ती घोंगड्यांना. चिंचोके शिजवायचे तर घोंगड्या विणायला जा."

उस्तादांच्या हातातला दगड थांबला होता.

"रोज जेवायच्या वेळी तबला आणून माझ्यापुढे ठेवायचा. अब्बा, एकच थाप द्या, म्हणायचा... मी ताट ओढून जेवायला लागायचो."

मला रडू आवरेना. मी तेव्हा तिथंच जेवायला असायचो. एका शब्दाने कधी बोललो नाही.

"कागद आणलायस ना?" उस्तादांनी हात पुढे केला. "आण."

भरतने पिशवीतून प्रतिज्ञापत्र काढलं. मी वाचून दाखवलं. सदर तबला कधीही दुकानाबाहेर गेला नाही, वाजवला गेला नाही, बाहेरच्या कुणाला दाखवला गेला नाही.

"बरोबर आहे," उस्ताद म्हणाले, आणि त्यांनी सही केली. कागदावर शाईची बोटं उमटली.

भरत तो कागद घेईना.

"आता द्या थाप, उस्ताद." त्याने तबला उस्तादांपुढे सरकवला. "माझा अर्ज कधीच दाखल झालाय. आज वाजवलात तरी माझं काही बिघडत नाही. द्या ना..."

उस्तादांनी हात उचलला. तबल्याच्या वर टीचभर धरला.

मग हात मांडीवर ठेवला.

"मी अर्ज मागे घेतो," भरत म्हणाला. "पहिला हारूनदादा होता."

उस्तादांनी कागदाची घडी केली आणि त्याच्या सदऱ्याच्या खिशात कोंबली.

"खोटं बोलू नकोस. तो पहिला नव्हता. मी त्याला होऊ दिलं नाही."