गलबताच्या पोटात

“पण एक दिवस त्याला पाठवलंत तर तुमचं काय बिघडणार आहे, बाबा?”

बकारीनं हे तिसऱ्यांदा विचारलं. आफ्रिकेतल्या लामू बेटाच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या एका जुन्या गलबताच्या सावलीत तो उभा होता. उभा कसला, येरझाऱ्याच घालत होता. चार पावलं गेला की खिशातून फोन काढी, बघे आणि परत ठेवी.

हमादीबाबा वाळूत बसून फळ्यांच्या फटीत भरायला तेलात भिजवलेला कापूस वळत होते. गलबतं दुरुस्त करणं हे त्यांचं काम. मन थाऱ्यावर नसलेल्यांना घरची माणसं त्यांच्याकडे आणून सोडत. बाबा मंत्र देत नसत, ताईत देत नसत. दवाखान्याच्या गोळ्या वेळेवर घ्यायला लावत आणि हातात कापूस देत.

“कशासाठी पाठवू?”

“सिनेमाचा शेवटचा प्रसंग राहिलाय. नायक बरा होतो, समुद्राकडे बघून हसतो. दोन मिनिटांचं काम. तेवढ्यासाठी सगळं अडलंय.”

सिनेमा बकारीचा आणि गोष्ट त्याच्या धाकट्या भावाची, इदीची. इदीला नसलेले आवाज ऐकू येत. महिनोन् महिने तो खोलीबाहेर पडत नसे. त्यातून जरा सावरतोय तोच बकारीनं त्यालाच नायक केलं. तुझ्याइतकं खरं कोण करणार, म्हणाला. सिनेमावाल्यांना खऱ्याचा फार सोस. दोन महिन्यांपूर्वी इदी चित्रीकरण अर्धवट टाकून, कुणाला न सांगता, इथे निघून आला होता.

“चांगला झालाय का सिनेमा?”

इथे मात्र बकारीची कळी खुलली. “ज्यानं पाहिला तो रडला, बाबा. वारलेल्या आईच्या कपाटासमोर तो कोसळतो, असा एक प्रसंग आहे. सात मिनिटं. तशी सात मिनिटं आफ्रिकेतल्या कुठल्याच सिनेमात नसतील.”

“प्रसंग संपला हे नटाला कसं कळतं?”

“मी ‘कट’ म्हणतो. मग सगळे थांबतात.”

“त्या दिवशी म्हणालास?”

“मला वाटलं, अभिनय करतोय,” बकारी म्हणाला. “पहिलं एक मिनिट.”

“आणि मग?”

“मग कळलं. कळलं तरी थांबवलं नाही. फार चांगलं चाललं होतं, बाबा.”

हे त्यानं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर त्याला स्वतःची शिसारी आली. पण ती धरून बसायलाही त्याला सवड नव्हती.

“म्हणून तर शेवट गोड करायचाय. बोलवा त्याला. मी त्याचे पाय धरतो. चारची बोट मिळाली तर उद्या सकाळी चित्रीकरण उरकेल.”

बाबांनी गलबताकडे बोट केलं. “आत जा. आज माझा एक माणूस कमी आहे. फळ्यांच्या फटीतून उजेड दिसेल तिथे ठोक. बाहेरचा माणूस फट भरील.”

“मी इदीसाठी आलोय.”

“जा.”

गलबताच्या पोटात अंधार होता आणि मासळीचा जुना वास. जागोजागी उजेडाच्या बारीक रेघा होत्या. बकारीनं एका रेघेवर घाईघाईनं ठोकलं, लगेच दुसऱ्या, तिसऱ्या. चार वाजायच्या आत अख्खं गलबत उरकायचं असल्यासारखा तो ठोकत सुटला.

बाहेरून काहीच आलं नाही.

तो वैतागून थांबला. तेव्हा कुठे पहिल्या रेघेशी हातोड्याचे ठोके पडले, सावकाश. ती रेघ मिटली.

त्यानं पुन्हा घाई केली. बाहेरचा पुन्हा गप्प. मग नाइलाजानं त्यानं एकदाच ठोकलं आणि वाट पाहिली. उत्तर आलं. असं किती वेळ चाललं, त्याला कळलं नाही. अंधार वाढत गेला तसा त्याचा श्वासही संथ होत गेला.

मग जिथे उजेड नव्हता, फट नव्हती, अशा जागी बाहेरून बोटानं कुणीतरी हळूच दोनदा ठोकलं.

बकारी जागच्या जागी थिजला.

इदीच्या बंद दारावर तो स्वतः असंच ठोकत असे, रोज, सिनेमा सुचायच्या आधी. इदीनं दार उघडलं नाही तरी तिथेच बसून राहायचा.

त्यानं त्या फळीवर तळहात टेकला आणि पोटभर रडला.

बाहेर आला तेव्हा फळीशी कुणी नव्हतं. लांब पाण्याशी पाठमोरा इदी वाळूनं घासून तेलकट हात धूत होता. बकारीनं त्याच्याकडे एक पाऊल टाकलं आणि तो थांबला. मग तो बाबांकडे वळला.

“मी आत आहे, हे तुम्ही त्याला सांगितलंत?”

“नाही.”

“मग त्याला कसं...”

बाबांनी कापसाचा नवा पुंजका हातात घेतला.

“तुझे पहिले चार ठोके ऐकले आणि मला म्हणाला... ‘याला ठेवून घ्या, बाबा. याला झोप लागत नाहीये.’”