उत्तराचा खडक

तो काळा खडक दिसतो ना, वर लहानसा क्रूस असलेला, त्याला आमच्या कोळीवाड्यात उत्तराचा खडक म्हणतात. पाहुण्यांना वाटतं, दिशेवरून ‘उत्तरेचा’ म्हणता म्हणता ‘उत्तराचा’ झालं असेल. पण बघा, सूर्य त्याच्याच मागं बुडतो. खडक गावाच्या पश्चिमेला आहे. नाव पडलं ते रेजिनमुळं.

फार जुनी गोष्ट. रेजिनचा नवरा इनास होडी घेऊन गेला तो परतलाच नाही. देह सापडला नाही, म्हणून माती देणंही झालं नाही. घरात उरल्या दोघी, रेजिन आणि तिची सासू कोस्तान. माहेरी जावं तर म्हातारी एकटी पडते; राहावं तर ओटीवर इनासची जाळी तशीच टांगलेली. दार उघडं असायचं, पण रेजिनला जायला जागा नव्हती.

संध्याकाळी घरातल्या वेदीपुढं दिवा लावून दोघी माळेच्या प्रार्थनेला बसत. आमच्यात एकानं प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणायचा आणि बाकीच्यांनी उरलेला म्हणून उत्तर द्यायचं. कोस्तान पहिला भाग म्हणायची आणि थांबायची. रेजिनचे ओठ हलायचे नाहीत.

"आय, मला हे म्हणवत नाही," ती एकदा म्हणाली. "ज्यानं त्याला आणला नाही, त्याला मी काय उत्तर देऊ?"

कोस्तान रागावली नाही, असं सांगतात. रोज थोडं थांबायची आणि मग उत्तरही स्वतःच म्हणायची. दोघींचं सगळं आयुष्य असं त्या गप्प जागेत अडकून पडलं होतं.

एके दिवशी ओहोटीला रेजिन त्या खडकावर कालवं काढायला गेली. एकटीच. एक दगड तिच्या भारानं कलंडला आणि उजवा पाय घोट्यापर्यंत कपारीत चेपला गेला. तिनं ओढून पाहिलं, हातातल्या कोयत्यानं दगड उचकटायला गेली, तर कोयत्याचं पातंच मोडलं. हाका मारल्या. किनाऱ्यावर कुणी नव्हतं. भरती लागली, आणि पाण्याबरोबर धुकंही आलं. गाव दिसेनासं झालं. घसा बसला तेव्हा पाणी कमरेला आलं होतं.

मग ती गप्प झाली. म्हणे तिला वाटलं, इनासला घेतलं तेच पाणी आहे. येऊ दे.

तेवढ्यात किनाऱ्यावरून हाक आली. "रेजिन! ए रेजिन गो!"

ती कोस्तान होती. सूनबाई परतली नाही म्हणून पाहायला आलेली. रेजिननं ओ दिली नाही. म्हातारी हाका मारून दमली आणि मग रोज जे म्हणायची तेच तिनं सुरू केलं. प्रार्थनेचा पहिला भाग मोठ्यानं म्हटला आणि थांबली. धुक्यातून काहीच आलं नाही. त्या दिवशी तिनं दुसरा भाग स्वतः म्हटला नाही. परत पहिलाच म्हटला. परत थांबली.

छातीभर पाण्यात रेजिन ऐकत होती. हळूहळू तिच्या ध्यानात आलं, आवाज जवळ येतोय. म्हातारी पाण्यात शिरली होती. तिला पोहता येत नव्हतं.

"थांब" म्हणायला रेजिननं तोंड उघडलं. पण बसलेल्या घशातून बाहेर आलं ते प्रार्थनेचं उत्तर. पुरं, शेवटच्या आमेनपर्यंत.

कोस्तान जागीच थांबली. मागं वळून तिनं असा हंबरडा फोडला, की बंदरावरची माणसं होडी घेऊन धावली. धुक्यात खडक कुठं, होडी कुठं, काही कळत नव्हतं. म्हातारी पाण्यात उभं राहून म्हणत होती, रेजिन उत्तर देत होती, आणि त्या उत्तराच्या रोखानं माणसं वल्ही मारत होती. पहारीनं दगड हलवला तेव्हा पाणी तिच्या हनुवटीला लागलं होतं. जीव वाचला, पाय मात्र कायमचा लंगडा राहिला.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये पाद्रींनी विचारलं, "बाई, तुझा विश्वास परत आला म्हणायचा?"

"ते मला नाही कळत, फादर," रेजिन म्हणाली. "ती पलीकडं एकटी बोलत होती. मला ते सहन झालं नाही."

पाद्रींनी म्हणे तिच्यापुढं मान लववली, आणि त्याच वर्षी खडकावर क्रूस उभा राहिला. रेजिन नंतर कोसळून रडायची, देवाशी भांडायची, आणि तरी रोज संध्याकाळी उत्तर द्यायची. इनास काही परत आला नाही.

आजही आमच्या बाया कालवं काढायला निघाल्या, की एक जण माळ घेऊन किनाऱ्यावर राहते. ती पहिला भाग म्हणते, खडकावरच्या बाया हात न थांबवता उत्तर देतात. कधी वाऱ्यानं उत्तर ऐकू येत नाही. तेव्हा किनाऱ्यावरची बाई ते स्वतः म्हणून टाकत नाही. ती लुगड्याचा ओचा खोचते आणि पाण्यात पाऊल घालते.