दहा हजार सात

विषय : नगरातील माणसांची संख्या दहा हजार सात भरल्याने उद्भवलेल्या अडचणीबाबत.

फार जुन्या काळी, राजे निदान वर्षातून एकदा तरी आपल्या प्रजेकडे पाहत असत तेव्हाची ही गोष्ट. एका नगरात देवीच्या उत्सवाला सगळ्या प्रजेने पटांगणात सारख्या रांगा करून उभे राहायचे, अशी प्रथा होती. एक जरी माणूस उरला तरी देवी कोपते, असा समज होता. देवीला कोणी विचारले नव्हते.

रांगा आखण्याचे काम राजगणितीचे. त्या वर्षी शिरगणती दहा हजार सात भरली. त्याने दोनाने भागले, तिनाने भागले, साताने भागले, पार शंभरापर्यंत भागून पाहिले. प्रत्येक वेळी काहीतरी उरलेच.

तो दरबारात आला. "महाराज, ही मूळ संख्या आहे. हिचे सारखे वाटे होत नाहीत. एकच लांबलचक रांग करा, नाहीतर प्रत्येकाला एकटे उभे करा."

प्रधान हसला. "एवढंच ना? एकाला वेशीबाहेर काढा. ती आंधळी म्हातारी गवळण आहे, तिला कुठे रांग दिसते!"

दरबार हसला. गणिती हसला नाही. "एक काढलात तर दोनच रांगा होतील, पाच हजार तीन माणसांच्या. शेपूट नदीत जाईल."

"मग दोन काढा."

गणितीने मनातल्या मनात भागून पाहिले. दोन काढले की हिशोब चोख बसत होता : एकशे पंधरा माणसांच्या सत्त्याऐंशी रांगा. खोटे बोलावे असे त्याच्या मनात आले. पण जन्मभर आकड्यांची चाकरी केलेल्याला ते जमेना.

"जमेल," तो म्हणाला. "पण एक वाढवला तरी जमेल. दुष्काळातून आलेली एक विणकर बाई वेशीबाहेर बसली आहे. नगरात राहू द्या, असा तिचा अर्ज आहे. तिला आत घ्या. एकशे एकोणचाळीस माणसांच्या बहात्तर रांगा होतील. कोणाला काढायला नको."

"गणितीबुवा, अर्जाला रीत असते. काढायला हुकूम पुरतो. बोला, गवळणीबरोबर दुसरं कोण?"

राजा खिडकीबाहेर पाहू लागला. गणितीने साऱ्या नगरातून एक नाव शोधले. घेता येण्याजोगे एकच सापडले. त्याने पगडी उतरवून सिंहासनापुढे ठेवली आणि गवळणीचा हात धरून तो वेशीबाहेर गेला.

"का रे बाबा, तूही जास्तीचा झालास?" म्हातारीने विचारले.

"हो, माय. हिशोब माझाच होता."

उत्सव थाटात झाला. पुढल्या वर्षी नगरात मुले जन्मली, आकडा बदलला, आणि भागून पाहणारा कोणी उरला नव्हता. प्रधान रांगा जुळेपर्यंत माणसे काढत राहिला. आज वेशीबाहेरची वस्ती नगराहून मोठी आहे.

बोध : ज्या हिशोबात माणूस जास्तीचा ठरतो, तो बरोबर आला तरी चुकलेलाच असतो.

विणकर बाईचा अर्ज अद्याप विचाराधीन आहे.