ओलेता चमचा

फार पूर्वी एका बरणीत एक मिरची राहायची. तिची एकच तक्रार होती, की तिचं बोलणं कुणाला खरंच वाटत नाही.

बरणीत तिच्यासोबत गाजराचे तुकडे आणि बारके कांदे आंबट व्हिनेगरात मुरत होते. शनिवारी घरच्या हेमांगीबाईंकडे पार्टी होती. कॉकटेलच्या ग्लासावर काडीला टोचून या सगळ्यांना मिरवायचं होतं, त्यासाठीच तर सगळे अंग चिरून घेऊन बसले होते.

चव बघायला चमचा रोज आत उतरायचा. नळाखालून थेट यायचा, अंगावरून पाणी गळत.

"अंग पुसून ये रे मुडद्या! तुझ्या पाण्यानं आम्ही सगळे नासू," मिरची ओरडायची.

"मी आंघोळ करून ओलेत्यानं येतो," चमचा म्हणायचा. "माझ्याइतकं सोवळं या घरात दुसरं कोण आहे?"

"कुणी नाही हो, चमचेराव," कांदे म्हणायचे.

"मिरचे, देवमाणसाला असं बोलतेस?" गाजर म्हणायचं. "तुझं तोंडच घाण."

शनिवारी पाहुणे आले, ग्लास ओळीनं मांडले आणि हेमांगीबाईंनी झाकण उघडलं. वर पांढरी बुरशी धरली होती. त्यांनी अख्खी बरणी मोरीत उपडी केली.

"चमचा तर मी रोज धुऊनच घालत होते," त्या म्हणाल्या. "गाजर बिचारं गोड. कांदे आपले गरीब. मग नासवलं कुणी?"

ढिगातून एकीला त्यांनी देठाला धरून उचललं आणि पाहुण्यांना दाखवलं.

"हिनं. मिरची."