साहेबाचं ‘आम्ही’

एका खंदकात एक साहेब होता. राजाला महाल असतो, सावकाराला पेढी असते. ह्या साहेबाच्या वाट्याला इराकच्या वाळवंटातला पुरुषभर खोल चर आला होता. पहिल्या महायुद्धाचे दिवस होते. साहेबाचं नाव पेनरोज, वय अवघं वीस. मिसरूड नीट फुटलं नव्हतं, पण हाताखाली मराठा शिपायांची तुकडी होती आणि समोर तुर्कांची फौज.

पेनरोज मनाचा चांगला होता. पुण्यात मुनशी ठेवून तो मराठी शिकला होता. मुनशींनी बजावलं होतं की मराठीत ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं. इंग्रजीत दोन्हींना मिळून एकच शब्द. एका कामाला दोन शब्द कशाला, म्हणून पेनरोजने ‘आपण’ टाकून दिलं आणि ‘आम्ही’ तेवढं ठेवलं. पाठांतर निम्मं झालं म्हणून स्वारी खूश झाली.

मग तो शिपायांना उत्साहाने सांगे, “आम्ही जिंकू! आम्ही लवकर घरी जाऊ!” शिपाई एकमेकांकडे बघत. साहेबलोक घरी जाणार, मग आपण काय इथेच मरायचं? पण हे त्याला विचारलं कोणीच नाही. मनातल्या मनात कुढायला आपली माणसं पहिल्यापासून पटाईत.

एके दिवशी सकाळीच हुकूम आला, संध्याकाळपर्यंत खंदक सोडायचा नाही. मागे नदीकाठी जखमींना होड्यांत चढवायचं काम चाललं होतं. ते दिवस मावळेपर्यंत पुरणार होतं. तोवर खंदक तुर्कांच्या हाती पडला, तर जखमींपैकी एकही वाचणार नव्हता. त्यात गोळीबाराने पाण्याची वाट बंद झालेली. खंदकात एकच पिंप उरलं होतं, आणि तेही अर्धंमुर्धं.

पेनरोज सगळ्यांसमोर उभा राहिला. “हे शेवटचं पाणी आहे. आम्ही ते थोडं थोडं पिऊ. आम्ही हटणार नाही!”

शिपायांचे चेहरे उतरले. पाणी साहेब पिणार आणि गोळ्या आपण खाणार, असा त्यांनी त्याचा अर्थ घेतला.

तेवढ्यात पहिला हल्ला आला. तो त्यांनी परतवला, पण मशीनगन तापली. तिच्या नळीभोवती पाणी भरलेलं असतं, ते उकळून गेलं. पाणी घातल्याशिवाय ती आता चालणार नव्हती. गनवाल्याने पाणी मागितलं. पिंपापाशी रामा ढेबे नावाचा शिपाई लोटा घेऊन उभा होता. तो जागचा हलला नाही. पेनरोजने हुकूम केला, तरी हलला नाही. पेनरोजचा हात कमरेच्या पिस्तुलावर गेला. लढाईत हुकूम मोडणाऱ्याला माफी नसते.

हवालदार कृष्णाजी बाबर मध्ये आला. “सायेब, राग धरू नका, पर एक सांगतो. तुमी म्हनला, आमी पिऊ. मग ह्या पोरांनी काय प्यायचं?”

“मी सगळ्यांचं बोललो! तुम्ही, मी, रामा. आम्ही!”

“त्याला आपन म्हंत्यात, सायेब. तुमी आमी म्हनला की तुमी आत नि ही पोरं भायेर.”

पेनरोजचा हात खाली आला. इतके महिने आपण काय काय बोलत आलो ते त्याला आठवलं, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मोठ्याने म्हणाला, “आपण पिऊ. आपण हटणार नाही.”

“बोलाचीच कढी नि बोलाचाच भात,” रामा ढेबे पुटपुटला.

त्याचंही खोटं नव्हतं. साहेबाच्या कमरेला त्याची स्वतःची पाण्याची बाटली लटकत होती, काठोकाठ भरलेली. पेनरोजने ती काढली, बूच उघडलं आणि तो पाणी पिंपात ओतायला निघाला. सगळे एकदम ओरडले. साहेबाच्या बाटलीतला एक थेंब पडला असता तरी पिंप विटाळलं असतं, आणि जीव गेला तरी त्यातलं कोणी प्यायलं नसतं. काळच तसा होता, शहाणपणाचा होता असं कोण म्हणेल? करायला गेला गणपती आणि होत होता मारुती.

दुसरा कोणी असता तर रागाने लाल झाला असता. पेनरोजने बाटली मागे घेतली. मग वाकून धावत मशीनगनपाशी गेला आणि आपली अख्खी बाटली तिच्यात रिकामी केली. मशीनगनला जात नसते, तिला कोणाचंही पाणी चालतं.

परत येऊन तो रांगेच्या टोकाला, सगळ्यांच्या मागे उकिडवा बसला. “आता पाणी वाटा. मी शेवटी.”

रामा वाटत वाटत त्याच्यापाशी आला. साहेबाने ओंजळ पुढे केली. रामाने वरून धार धरली, पण अर्धं पाणी कोपरावरून वाळूत गेलं. कोणी हसलं नाही. रामाने स्वतःचा वाटा अजून घेतला नव्हता. त्यातला निम्मा त्याने पुन्हा साहेबाच्या ओंजळीत ओतला.

“बोटं आवळून धरा, सायेब,” तो म्हणाला. “गळतंय.”

दुपारभर तुर्क येत राहिले. घशाला कोरड पडली, जिभा टाळूला चिकटल्या, पण मशीनगन थांबली नाही आणि माणसंही हटली नाहीत. हवालदार बाबर खांद्याला गोळी लागून पडला. त्याच्या जागी, दोन शिपायांच्या मध्ये, पेनरोज बंदूक घेऊन उभा राहिला.

दिवस मावळला. शेवटची होडी गेली. खंदक ताब्यात घ्यायला दुसरी तुकडी आली. तिच्या सुभेदाराने अंधुक उजेडात हाक दिली, “कोन हाय तिथं?”

“आमी!” रामा ढेबे ओरडला.

“आमी कोन? तुमचा सायेब कुठंय?”

“आमी म्हटलं की त्यात सायेब आलाच की!”

पेनरोजने ते ऐकलं. फुटलेल्या ओठांनी त्याला हसताही येईना, पण तरी तो हसला. ह्या खेपेला ‘आम्ही’चा अर्थ त्याला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

तात्पर्य: नुसतं ‘आपण’ म्हटल्याने कोणी आपला होत नाही, जो आपल्याबरोबर तहान वाटून घेतो, तोच आपला.